सरकारजमा जोडवे

मुलांनो, अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट यांची टोके जुळवा. झाला गोल? आता डोळे मिटा आणि त्या गोलावर एक जांभूळ ठेवा. मनातले ठेवा; खरे ठेवलेत तर गोष्ट संपेपर्यंत ते टिकणार नाही, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. जांभूळ गोलातून खाली पडले, तर ते लहान. अडकून बसले, तर मोठे. कळले? शाबास. ठाण्याच्या एका कचेरीला एवढेच कळायला वर्ष लागले होते.

डोळे मिटलेलेच ठेवा. त्या गोलाभोवती आता माणसे उभी करा. एका बाजूला मी, म्हणजे तेव्हाचा मी, डोक्यावर केस असलेला. दुसऱ्या बाजूला माझी बायको कुमुदिनी, लुगड्याचा काठ नको इतका खाली ओढून पावले झाकत बसलेली. मध्ये टेबल, टेबलामागे साहेब. आणि टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकून उभी असलेली माझी मुलगी चिमी, नुकतीच दुसरीतून तिसरीत गेलेली. तिची जीभ जांभळी आहे. हे लक्षात असू द्या, शेवटी ती जीभ लागणार आहे.

आता डोळे उघडा आणि ऐका.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षे झाली होती. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात हजेरीचा कारकून होतो आणि राहायला बदलापूरला. आमच्या परसात एक जांभूळ होते. सगुणाबाई नावाची गावातली बाई दरसाल त्याची फळे उतरवायची. निम्मी आमची, निम्मी तिची. तिची स्वतःचीही बांधावर चार झाडे होती. आम्ही आमचा वाटा खायचो आणि शेजारीपाजारी द्यायचो. सगुणाबाई तिचा वाटा कोंडाजीला द्यायची.

कोंडाजी म्हणजे गावातला दलाल. साऱ्या बायकांची जांभळे गोळा करायची आणि उल्हासनगरच्या कॅम्पात नेऊन विकायची, हा त्याचा धंदा. त्याचे माप म्हणजे त्याची पाटी. ती दिसायला पाटी होती, पण वागायला विहीर. कितीही ओता, कोंडाजी म्हणायचा, "अजून गळ्याला नाय आली." शिवाय प्रत्येक पाटीतून तो ओंजळभर जांभळे 'नमुना' म्हणून काढून घ्यायचा. आणि मोठी फळे त्याच्या बाजूला, भाव मात्र सगळ्यांना बारक्यांचा.

एके दिवशी हे सगळे आमच्याच अंगणात चालले होते.

"कोंडाजी, ह्यो नमुना हाय का जेवान?" सगुणाबाईने विचारले.

"मावशे, चव नको बघाया?"

"चव पयल्या जांभळात नाय कळत? वंजळीतलं शेवटलं जांभूळ काय आंबट निघतं?"

"नको असंल तर ठेव तुझी घरात. उद्या सकाळी वास येईल, मग मलाच हाक मारशील."

हे मात्र खरे होते. जांभूळ वाट पाहत नाही. आज उतरवले की आजच विकायला हवे. कोंडाजीला 'नाही' म्हणायचे म्हणजे माल उकिरड्यावर टाकायचा.

मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाच्या अंगी एक निराळीच वीरश्री असते. मी ते खाली ठेवले आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "याला सरकारी नियमच हवा!"

मुलांनो, मोठी माणसे असे वाक्य उच्चारतात तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो की ती आता चहा पिणार आहेत. पण चिमीला हे माहीत नव्हते. ती पायरीवर जांभळे खात बसली होती. ती मला दादा म्हणायची. म्हणाली, "मग तुम्ही करा की, दादा."

"व्हय की," सगुणाबाई म्हणाली. "भाऊ, तुमी लिवनारं मानूस."

कोंडाजी हसला. फार नाही, थोडासाच. पण त्या थोड्याशा हसण्याने पुढचे सगळे रामायण घडवले.

आता नियम कसा होतो ते सांगतो, कारण मलाही तेव्हा ठाऊक नव्हते. मला वाटायचे की नियम म्हणजे मुंबईला कोणी हुशार माणूस खुर्चीत बसून सुचेल तसे लिहितो. तसे नसते. तुम्ही गोट्या खेळता, तेव्हा एखादा म्हणतो, "आजपासून रेषेला पाय लागला की बाद." मग बाकीचे विचारतात, "का? तुला एकट्यालाच हवंय का?" मग वाद होतो, कोणी रुसतो, सगळ्यांची मते घेतात, आणि ठरले की ठरले. सरकारचेही तसेच. आधी कोणीतरी मागावे लागते. मग सरकार विचारते, हे तुला एकट्याला हवे की सगळ्यांना? मग ते चावडीवर कागद लावते की आम्ही असा नियम करण्याच्या विचारात आहोत, कोणाची हरकत असेल तर सांगा. मग एक साहेब येऊन सगळ्यांचे ऐकतो. त्याने शिफारस केली तर कागद वर जातो, वर त्याच्यावर शिक्का बसतो आणि तो छापून येतो. गोट्यांच्या आणि सरकारच्या खेळात फरक इतकाच की सरकारच्या खेळात संध्याकाळी कोणी जेवायला हाक मारत नाही, त्यामुळे तो संपत नाही.

पहिला सल्ला दिला हासोमल यांनी. ते कराचीहून सगळे मागे टाकून आलेले सिंधी गृहस्थ. कॅम्पात त्यांचे कागद, दौत आणि शाई विकायचे छोटे दुकान होते. घरासाठी, दुकानासाठी, नळासाठी, प्रत्येक गोष्टीसाठी अर्ज करून करून ते अर्जशास्त्रात पारंगत झाले होते.

"साईं, अर्ज़ी अकेली मत भेजना," ते म्हणाले. "काग़ज़ के साथ कोई चीज़ बाँधो. अकेला काग़ज़ हवा से उड़ जाता है. चीज़ बँधी हो तो बाबू को फ़ाइल खोलते टाइम चुभती है. चुभेगी तो याद रहेगी."

दुसरा सल्ला शेजारच्या अण्णांचा. अण्णा मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांना सरकारी भाषेशिवाय दुसरी भाषा येत नसे. बायकोलाही ते "सबब, भात वाढण्यात यावा" असे म्हणत, अशी वदंता होती. मी अर्जात लिहिले होते: 'मोठी व लहान जांभळे वेगळी करून, उघड्या तराजूने तोलून विकत घेतली जावीत, नमुन्याची ओंजळ बंद व्हावी.' अण्णांनी चष्मा पुसला.

"मोठी म्हणजे केवढी?"

"मोठी म्हणजे… मोठी."

"सरकारला 'मोठी' कळत नाही हो. माप द्या. ज्यातून पडेल ते लहान, न पडेल ते मोठे, असं काहीतरी गोल पाहिजे."

झाले. घरभर गोल शोधणे सुरू झाले. पडद्याची कडी मोठी होती. तिच्यातून जांभूळच काय, आवळाही गेला असता. शिवणाचे अंगुस्तान एका टोकाला बंद. बाटलीच्या तोंडात एक जांभूळ अडकले ते बाटली फोडूनच निघाले. मी घामाघूम होऊन बसलो असताना चिमी देवघरातून धावत आली. तिच्या हातात जोडवे होते.

सांगतो, ते देवघरात कसे आले. चार दिवसांपूर्वी कुमुदचा पाय उंबरठ्याला ठेचकाळला होता. बोट सुजले म्हणून त्या पायातले जोडवे काढून तिने देवापुढच्या डबीत ठेवले होते. जोडवी तिच्या आईने लग्नात घातलेली, चांदीची, जाड. चिमीने त्या जोडव्यातून एक बारके जांभूळ घातले. पडले. टपोरे घातले. अडकले. दुसरे टपोरे. अडकले. जणू सोनाराने बदलापूरचे जांभूळ पाहूनच ते घडवले होते.

"सापडलं!" मी ओरडलो.

कुमुद स्वयंपाकघरातून लंगडत आली. "काय सापडलं? ठेवा ते आधी. सूज उतरली की घालायचंय मला."

"अगं, चार दिवसांचा प्रश्न आहे. सरकारी काम आहे, रीतसर पोच मिळते."

"पोच पायात घालू?"

पण ती मऊ मनाची. सगुणाबाईचा उतरलेला चेहरा तिनेही पाहिला होता. तिने स्वतःच पांढऱ्या दोऱ्याने जोडवे अर्जाला शिवून दिले. अर्जात 'जोडवे' हा शब्द अण्णांनी लिहू दिला नाही. "बरं दिसत नाही," ते म्हणाले आणि 'धातूचे वर्तुळ, नग एक' असे लिहवून घेतले. झाडे असलेल्या बायकांचे अंगठे घेतले, आणि मी अर्ज ठाण्याला देऊन आलो.

कुमुदचे बोट चार दिवसांत बरे झाले. जोडवे आले नाही.

त्याऐवजी पत्र आले. कचेरी विचारत होती, 'सदर जांभूळवृक्ष लावलेले आहेत की आपोआप उगवलेले आहेत? याचा खुलासा व्हावा.'

"जपून," अण्णा म्हणाले. "आपोआप म्हणालात तर तो शेतमाल नव्हे, रानमाल. मग जंगलखातं येईल. जंगलखातं आलं की आधी सगुणाबाईलाच विचारेल, झाडाला हात कोणाला विचारून लावलास?"

मी सगुणाबाईला विचारले.

"माज्या आजेसासूनं जांभूळ खाऊन बी थुकली, तिथं झाड झालं. आता लावलं म्हनायचं का थुकलं म्हनायचं, ते तुमी शिकलेल्यांनी ठरवा."

अण्णांनी लिहवले: 'वृक्ष पारंपरिक पद्धतीने लावलेले आहेत.'

तो मोसम तसाच गेला. कोंडाजीच्या पाटीचा गळा त्या वर्षी आणखीच उंच झाला. आणि आमच्या घरात एक आवाज सुरू झाला.

आमच्या घराला शहाबादी फरशी होती. कुमुद चालली की दोन्ही पायांची जोडवी फरशीवर वाजत, टक् टक्, टक् टक्. त्या आवाजाची इतकी सवय की तो ऐकूही येत नसे. आता एकाच पायाचा यायचा. टक्… आणि मग काही नाही. टक्… आणि मग काही नाही. त्या 'काही नाही'ने माझा जीव खाल्ला. मी जेवायला बसलो की ती आमटी आणायला निघायची: टक्, काही नाही. ती एक शब्द बोलत नसे. बोलली असती तर मी भांडलो असतो आणि बरे वाटले असते.

मी नवे जोडवे आणायचे म्हटले, तर म्हणाली, "आईने जोडी दिली होती. एक तिचं आणि एक तुमचं, ही कुठली जोडी?"

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ठमाबाई नावाच्या शेजारणीने बरोबर हेरले. "अगंबाई कुमुदिनीबाई, एका पायात जोडवं नाही ते? सगळं ठीक आहे ना घरात?" त्या दिवसापासून आळीतल्या बायका माझ्याकडे अशा पाहू लागल्या की जणू मी ते जोडवे विकून विड्या ओढल्या. कारखान्यात ही बातमी वेगळ्या वाटेने पोचली. तिथे मला 'जांभूळसाहेब' म्हणू लागले. फाटकावरचा गुरखाही सलाम करताना हसायचा.

शेवटी मी ठाण्याला गेलो. कारकुनाने नस्ती, म्हणजे आमची फाईल, काढली. एव्हाना ती चांगलीच बाळसेदार झाली होती आणि तिच्यावर तिच्याहून जाड अशा पाच-सात नस्त्या बसल्या होत्या.

"हे मला परत मिळेल का? घरचं आहे," मी म्हणालो.

"घरचं कसं? नस्तीत आलं म्हणजे नस्तीचं."

"अहो, बायकोच्या पायातलं आहे ते!"

त्याने अर्ज पाहिला. "तसं इथे लिहिलेलं नाही. इथे 'धातूचे वर्तुळ' आहे."

मी मनातल्या मनात अण्णांना नमस्कार केला. तो नमस्कार कसला होता ते तुम्हाला सांगण्याजोगे नाही.

"एक उपाय आहे," तो सहानुभूतीने म्हणाला. "अर्ज मागे घ्या. अर्ज गेला की वर्तुळ तुमचं. पण बघा बुवा, तुमचा कागद आता पुढे सरकलाय. सुनावणी लागेल मे महिन्यात. जांभळं असताना लावा म्हणून साहेबांनीच शेरा मारलाय."

मी घरी येऊन हे सांगितले, तेव्हा नेमकी सगुणाबाई ओट्यावर बसलेली होती. तिने कपाळाला हात लावला. "माज्यापायी बाईंचं बोट उघडं पडलं! घ्या हो भाऊ अर्ज मागं. आमी काय, आमाला पाटीची सवय हाय."

कुमुद आतून आली. टक्, काही नाही. "मागे घ्यायचा नाही," ती म्हणाली. "बोट माझं आहे, त्याचं मी बघते. अर्ज सगळ्यांचा आहे."

मला वाटले, आता छाती भरून येईल. पण भरून आली ती धास्तीच. कारण आता अर्ज फेटाळला गेला तर तोंड कुठे लपवायचे, हा नवा प्रश्न उभा राहिला.

मे महिना आला. चावडीवर कागद लागला: 'जांभूळ या शेतमालाच्या विक्रीबाबत नियम करण्याचे योजिले आहे. हरकती असल्यास सुनावणीच्या दिवशी मांडाव्यात.' तो कागद वाचायला गर्दी झाली आणि गर्दीत कोंडाजी उभा राहिला. तो कोणावर ओरडला नाही. नुसता म्हणाला, "सरकारच्या मागं जायचं त्यांनी खुशाल जा. पन उद्या अर्ज उडाला, तर ज्यांचे अंगठे हायत त्यांचा माल मी उचलनार नाय. मग बसा घरात जांभळांचा लेप लावीत."

चार बायका संध्याकाळीच माझ्याकडे आल्या. "भाऊ, आमचा अंगठा पुसून टाका."

"पुसता येत नाही, बाई. तो ठाण्याला आहे."

"मग आमी काय करायचं?"

मी त्यांना चहा दिला. मध्यमवर्गीय माणूस संकटात सापडला की समोरच्याला चहा देतो. त्या गेल्या तशी ओट्यावर बसलेली सगुणाबाई उठली. तिने जाताना फक्त म्हटले, "भाऊ, तो कागद उडला तर माजी चार झाडं. पाखरांना घालीन मी. पन तुमी जीवाला लावून घेऊ नका." हे ऐकून कोण जीवाला लावून घेणार नाही? सुनावणीच्या दिवसापर्यंत माझे पोट ठिकाणावर नव्हते. अण्णांनी ओव्याचा अर्क घेण्याची शिफारस केली, तीही लेखी.

सुनावणी शाळेच्या व्हरांड्यात होती. सुट्टी असल्याने शाळा रिकामी. व्हरांडा लांबलचक, शहाबादी फरशीचा. लोकांनी चपला पायरीशी काढल्या आणि भिंतीला पाठ लावून बसले: बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. साहेब तरुण होते, घामाने भिजलेले. मी त्यांच्यासमोर जांभळांनी भरलेले सूप ठेवले. चिमी टेबलाच्या कडेशी उभी राहिली आणि सुपातले एकेक जांभूळ नाहीसे होऊ लागले.

कोंडाजी उभा राहिला. "सायब, पाटी बापजाद्यांपासून हाय. तराजू घेऊन मी झाडाखाली फिरू काय? आन ह्ये वाटोळं काय भानगड हाय? जांभूळ मोठं हाय का बारकं ह्ये डोळ्याला दिसत नाय?"

"तुज्या डोळ्याला दिसतं, पन भाव देताना आंधळा होतोस!" सगुणाबाई बसल्या जागेवरून ओरडली.

"शांतता," साहेब म्हणाले. "आधी प्रमाण पाहू."

त्यांनी पेटीतून जोडव्याचे मोहरबंद पाकीट काढले. लाखेचा शिक्का दोन पंचांना दाखवला, मग फोडला. एका वर्षाने मी ते जोडवे पाहिले.

ते गोल राहिले नव्हते. जाड नस्त्यांच्या खाली वर्षभर दबून ते पार चपटे झाले होते, दोन्ही टोके एकमेकांवर चढलेली, जणू कोणी झोपाळू माणूस कुशीवर वळला आहे.

साहेबांनी त्यात बारके जांभूळ घातले. अडकले. आणखी बारके. तेही अडकले. मग त्यांनी एक वाळलेले, मनुक्याएवढे शोधून काढले. तेसुद्धा अडकले.

"घ्या!" कोंडाजी टाळी पिटून म्हणाला. "समदी जांभळं मोठी! सरकारी न्याय!"

सारा व्हरांडा हसला. त्यात ज्यांचे अंगठे होते त्याही हसल्या. भीतीने माणूस लवकर हसतो. साहेबांनी कपाळ पुसले.

"प्रमाणच वाकडं असेल तर नियम कशावर लिहू मी?" ते माझ्याकडे वळले. "हे तुमचं तुम्ही परत घ्या. पुढल्या वर्षी नव्याने अर्ज करा. आजचा निकाली काढावा लागेल."

जोडवे परत मिळणार! माझ्या मनात पहिला विचार तोच आला, खोटे कशाला बोलू. वर्षभरानंतर घरात पुन्हा टक् टक् होणार. आणि लगेच नजर सगुणाबाईकडे गेली. ती हसत नव्हती. ती सुपाकडे पाहत होती, घरी उतरवून ठेवलेली जांभळे पाखरांना कशी घालायची याचा हिशेब करीत असल्यासारखी. पलीकडे तिच्या शेजारच्या बायका कोंडाजीकडे असे चेहरे करून बघत होत्या की आम्ही तुझ्याच बाजूच्या होतो. कोंडाजीने तर आपली पाटी उचलून काखेतही धरली होती.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडले. काय ते मला आजही ठाऊक नाही. कारण तेवढ्यात टेबलाखालून काहीतरी सरपटत गेले.

चिमी होती ती. ती थेट बायकांच्या रांगेत आईपुढे जाऊन बसली.

"आई, पाय दे."

"कशाला गं?"

"दे ना. दुसरा."

कुमुदने एकदा इकडेतिकडे पाहिले. सगळा गाव समोर, पुरुष, साहेब, ठमाबाई. वर्षभर जी पावले लुगड्याखाली लपवली, ती आता चारचौघांत पुढे करायची! तिचे कान लाल झाले. मग तिने काठ हातभर वर घेतला आणि पाय पुढे टाकला.

"ओढ," ती म्हणाली. "सरळ ओढ. वाकवू नकोस."

चिमीने दुसऱ्या पायातले जोडवे काढले आणि टेबलावर नेऊन ठेवले. जोडीतलेच ते; एकाच सोनाराने, एकाच मापाने घडवलेले.

साहेबांनी टपोरे जांभूळ घातले. अडकले. बारके घातले. ते टपकन पडले ते नेमके त्यांच्या कोऱ्या कागदावर, आणि फुटून त्याचा मोठा जांभळा डाग झाला. साहेबांनी तो कागद बदलला नाही. त्या डागाच्या कडेनेच ते लिहू लागले.

"हरकत कोणाची?" लिहिता लिहिता त्यांनी विचारले.

कोंडाजीचा हात वर गेला. त्याच्या दोन भाच्यांचे गेले.

"नियम कोणाला हवा?"

सगुणाबाईने दोन्ही हात वर केले. साहेबांनी एक खाली घ्यायला लावला. बाकीच्या बायका आधी कोंडाजीकडे पाहू लागल्या. मग अंगठा पुसून टाका म्हणणाऱ्या चौघींपैकी एकीचा हात वर गेला. तिच्या मागून दुसरीचा. आणि मग भिंतीच्या कडेने हात असे उगवत गेले की साहेबांना उभे राहून मोजावे लागले.

"आन मी ह्या पाटीचं काय करू?" कोंडाजी कुरकुरला.

"वैरन भर तिच्यात," सगुणाबाई म्हणाली.

कागद तिथून पुण्याला गेला, पुण्याहून मुंबईला गेला, आणि पुढल्या मोसमाच्या आधी नियम छापून चावडीवर लागला. कोंडाजीने तराजू घेतला. पहिले काही दिवस तो त्याच्याकडे सापाकडे पाहावे तसा पाही. पण ते नंतरचे. त्या दिवशी साहेबांसमोर एक प्रश्न अजून शिल्लक होता. त्यांनी टेबलावरचे चांगले जोडवे उचलले, खाली ठेवले, पुन्हा उचलले.

"बाई, हे आता… म्हणजे प्रमाण म्हणून…"

"ठेवा," कुमुद म्हणाली. "पण या खेपेला डबीत ठेवा. फायलींखाली नको."

साहेबांनी मान डोलावली आणि दुसरे, चपटे जोडवे चिमीच्या हातावर ठेवले. "हे निरुपयोगी झालंय. हे घेऊन जा."

चिमीने ते न्याहाळले. मग तोंडात घातले, दाढेखाली धरून करकचून दाबले, बाहेर काढून पाहिले, पुन्हा घातले, पुन्हा दाबले. चांदी मऊ असते आणि तिसरीतले दात पक्के. थोड्या वेळाने त्याला बोट आत जाण्याइतकी वाट झाली. गोल म्हणवत नव्हते, पण पायाच्या बोटाला गोलाची ओळख कुठे असते! चिमीने ते आईच्या वर्षभर उघड्या राहिलेल्या बोटात सारले आणि तळहाताने दाबून घट्ट बसवले.

कुमुद उठली आणि चपलांकडे निघाली. व्हरांडा लांब, आणि साऱ्या गावाने तो आवाज ऐकला. टक्… आणि मग काही नाही. टक्… आणि मग काही नाही. वर्षभर जो पाय मुका होता तो बोलू लागला होता आणि बोलका मुका झाला होता. एवढे सगळे होऊन आमच्या घरात एकच पाय वाजणार होता! ठमाबाईंनी तोंडाला पदर लावला. मी मान खाली घातली.

चिमी धावत गेली आणि आईच्या मुक्या पायाच्या बाजूने चालू लागली. आईचा एक पाय पडला, टक्. दुसरा पाय पडला, तेव्हा चिमीने जांभळी जीभ टाळूला लावून जोरात वाजवली: टक्. पुन्हा आईचा पाय, टक्. पुन्हा चिमीची जीभ, टक्. आणि पार शेवटच्या पायरीपर्यंत तिने एकही पाऊल चुकवले नाही.